संगणकभाषांचे जुने दप्तर

संगणकाला काम सांगण्यासाठी माणसाने ज्या कृत्रिम भाषा घडविल्या, त्यांच्या इतिहासाला आता सत्तर वर्षांच्या आसपास अवधी लोटला आहे. या अवधीत अशा शेकडो भाषा जन्मास आल्या. त्यांतील बहुतेक विस्मृतीत गेल्या, काही थोड्या टिकल्या, आणि आजही नव्या निघतच आहेत. एखादा बुद्धिमान तरुण प्रचलित भाषेच्या अडचणींना कंटाळतो, आणि आपणच एक निर्दोष भाषा का करू नये, असे म्हणून कामास लागतो. त्याच्या उत्साहाचे कौतुकच केले पाहिजे. परंतु त्याला एक प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. तुमच्यापूर्वी ज्यांनी हाच उद्योग केला, त्यांनी काय निवडले, काय टाकले आणि कोणत्या कारणाने, हे तुम्ही पाहिले आहे काय?

या शास्त्रात इतिहासाची एक चमत्कारिक स्थिती आहे. भाषेचे नियम ग्रंथात राहतात, पण त्या नियमांमागची कारणे करणाऱ्यांबरोबर निघून जातात. मागून येणाऱ्याला नियम तेवढा दिसतो. मग तो एक तर डोळे मिटून उचलतो, नाही तर मूर्खपणा म्हणून फेकून देतो. दोन्ही गोष्टी सारख्याच घातक होत.

फोरट्रान या भाषेचे उदाहरण घ्या. अमेरिकेतील आयबीएम कंपनीत जॉन बॅकस यांनी १९५३ च्या अखेरीस या भाषेची कल्पना मांडली आणि १९५७ च्या एप्रिलमध्ये ती ‘७०४’ या यंत्रावर प्रत्यक्ष उपलब्ध झाली. त्या काळी यंत्राचा एक एक मिनिट मोलाचा होता. माणसाने हाताने लिहिलेल्या यंत्राज्ञांइतक्या चपळ आज्ञा एखादा यांत्रिक अनुवादक तयार करील, यावर जाणत्यांचा विश्वास नव्हता. म्हणून बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपली बहुतेक शक्ती अनुवादकावर खर्च केली. भाषा त्यांनी काम चालता चालता, गरजेनुसार ठरवीत नेली, हे बॅकस यांनीच पुढे सांगितले आहे. फोरट्रानच्या गुणदोषांचा विचार करताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

त्या भाषेत दोन सोयी होत्या. पहिली अशी की, शब्दांमधल्या कोऱ्या जागेला काहीही अर्थ नव्हता. कारण, आज्ञा प्रथम कागदावर हाताने लिहीत आणि मग दुसरी माणसे त्या पाहून कार्डांवर भोके पाडीत. हस्तलिखितातील कोऱ्या जागा नेमक्या मोजणे त्यांना अवघड जाई. दुसरी सोय अशी की, चलाचे नाव आगाऊ जाहीर करावे लागत नसे. नावाचे पहिले अक्षर ‘आय’ पासून ‘एन’ पर्यंतचे असेल तर ते चल पूर्णांकाचे समजावे, एवढा संकेत पुरे होता. गणिताच्या पुस्तकांतून ही अक्षरे पूर्णांकांसाठी वापरण्याचा प्रघात होताच. दोन्ही सोयी आपापल्या जागी समजूतदारपणाच्या आहेत. आता त्या एकत्र आल्या म्हणजे काय होते ते पाहा. ‘डू १० आय = १,१०’ असे लिहिले, तर ‘आय’ची किंमत एकापासून दहापर्यंत वाढवीत दहाव्या क्रमांकापर्यंतच्या आज्ञा पुनःपुन्हा करा, असा अर्थ होतो. परंतु स्वल्पविरामाऐवजी चुकून टिंब पडले की, कोऱ्या जागा निरर्थक असल्यामुळे ‘डू१०आय’ हे एक नाव बनते, ते जाहीर केलेले असण्याची आवश्यकता नसल्यामुळे अनुवादक ते मुकाट्याने स्वीकारतो, आणि त्या कधी न ऐकलेल्या चलाला १.१० ही किंमत देऊन मोकळा होतो. पुनरावृत्ती नाहीशी होते आणि तक्रारीचा एक शब्दही उमटत नाही. आपल्याकडे ‘ध’ चा ‘मा’ केला म्हणतात, तो प्रकार येथे एका टिंबाने होतो. (१९६२ साली मॅरिनर हे अमेरिकेचे पहिले शुक्रयान याच टिंबामुळे गमवावे लागले, अशी एक गोष्ट पुष्कळ ठिकाणी छापलेली आढळते. ती खरी नाही. त्या अपघाताशी संबंधित चूक निराळी होती, सूत्रावरची एक आडवी रेघ उतरवून घेताना सुटली होती. इतिहास वाचावयाचा तर दंतकथाही चाळून घ्याव्या लागतात.)

यातून घेण्यासारखी गोष्ट ही की, भाषेतला दोष बहुधा एकट्या नियमात नसतो, तर दोन निरुपद्रवी नियमांच्या सांध्यात दडलेला असतो. नावे आगाऊ जाहीर करण्याची सक्ती १९६० च्या अल्गोल भाषेने केली, तेव्हाच खरे तर हा प्रश्न मिटावयास हवा होता. तरीही १९९५ साली जावास्क्रिप्ट ही भाषा निघाली, तीत न सांगितलेल्या नावाला किंमत दिली की एक नवे सार्वत्रिक चल आपोआप जन्मास येऊ लागले. ही चूक पकडणारी ‘कडक’ पद्धत त्या भाषेच्या नियमावलीत २००९ साली आली, आणि तीही ज्याला हवी त्याने मागून घ्यावयाची! पन्नास वर्षांपूर्वीचा धडा पुन्हा गिरवावा लागला, तो असा.

आताच अल्गोलचे नाव घेतले. या भाषेपाशी थोडे अधिक थांबणे उचित होईल. १९६० च्या जानेवारीत युरोप-अमेरिकेतील तेरा विद्वान पॅरिस येथे जमले आणि त्यांनी ही भाषा निश्चित केली. तिचा वृत्तांत डेन्मार्कचे पीटर नाउर यांनी संपादित केला. भाषेचे व्याकरण सांगण्यासाठी त्यांनी जी सूत्रबद्ध पद्धत वापरली, ती बॅकस यांनी आदल्या वर्षी सुचविली होती. १९६७ साली पी. झी. इंगरमन या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने एक पत्र प्रसिद्ध करून असे सुचविले की, या पद्धतीला ‘पाणिनी-बॅकस पद्धती’ म्हणावे, कारण सूत्रांनी व्याकरण सांगण्याची युक्ती पाणिनीने कित्येक शतके आधी योजलेली आहे. आपल्याला हे वाचून अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. मात्र येथे मर्यादा सांभाळावी. पाणिनीची सूत्रे जिवंत भाषेचे रूप वर्णन करतात, आणि ती आजूबाजूच्या वर्णांवर अवलंबून असतात. बॅकस यांची सूत्रे संदर्भाकडे पाहत नाहीत. सादृश्य आहे ते संक्षेपाच्या आणि शिस्तीच्या बाबतीत. बॅकस यांनी पाणिनी वाचून आपली पद्धत काढली, असा त्याचा अर्थ नव्हे.

अल्गोलची घडण इतकी सुबक होती की, पुढील कित्येक भाषा तिच्यापेक्षा मागासलेल्या ठराव्यात. तथापि तिच्यातही दोन खोटी राहून गेल्या. यंत्रात माहिती घालण्याच्या आणि बाहेर काढण्याच्या आज्ञा समितीने भाषेत ठेवल्याच नाहीत. परिणामी प्रत्येक कारखान्याने आपापल्या आज्ञा जोडल्या आणि एका यंत्रावरचे लिखाण दुसऱ्या यंत्रावर जसेच्या तसे चालेना. त्यापूर्वी १९५८ साली अल्गोलच्या पहिल्या बैठकीत अपूर्णांक लिहिताना टिंब द्यावे की स्वल्पविराम, यावरून अमेरिकन आणि युरोपीय सभासदांत वाद झडला होता. शेवटी भाषेची संदर्भरूप, प्रकाशनरूप आणि यंत्ररूप अशी तीन निरनिराळी रूपे मानून तो मिटविण्यात आला. विद्वानांच्या सभेत कोठल्या प्रश्नाला किती वेळ मिळतो, याचे हे बोलके चित्र आहे.

दुसरी खोट अधिक सूक्ष्म आहे. उपआज्ञावलीला दिलेली वस्तू ‘नावाने’ द्यावयाची, म्हणजे आत जेथे जेथे तिचा उल्लेख असेल तेथे तेथे मूळ शब्दच ठेवला आहे असे मानावयाचे, असा अल्गोलचा एक नियम होता. कागदावर हा नियम फार देखणा दिसतो. पण दोन वस्तूंची अदलाबदल करणारी साधी उपआज्ञावली लिहून पाहा. समजा, ‘आय’ ही संख्या १ आहे आणि यादीतील पहिल्या घरात ५ आहे. या दोहोंची अदलाबदल करावयाची आहे. आधी ‘आय’ची किंमत १ बाजूला ठेवली, मग ‘आय’मध्ये यादीतील ‘आय’वे घर, म्हणजे ५, घातले, शेवटी बाजूला ठेवलेला १ यादीतील ‘आय’व्या घरात घालावयाचा. पण ‘आय’ आता ५ झालेला आहे! तो १ पाचव्या घरात जाऊन पडतो आणि पहिल्या घरातले ५ तसेच राहतात. सर्व प्रसंगी बरोबर चालेल अशी अदलाबदल या नियमाखाली लिहिता येईना. हा नियम पाळण्यासाठी अनुवादकाला जे लहान लहान तुकडे तयार करावे लागत, त्यांचे वर्णन १९६१ साली ज्यांनी प्रसिद्ध केले, ते उपरोक्त इंगरमनच. पुढच्या भाषांनी हा नियम बहुतांशी सोडून दिला. मौज अशी की, १९९० साली आलेल्या हास्केल भाषेत तो सुधारलेल्या रूपाने परत आला. तेथे किंमत गरज पडेल तेव्हाच पण एकदाच काढतात. आणि एकदा दिलेली किंमत बदलण्याची मुभाच नसल्यामुळे वरील घोटाळा संभवत नाही. भोवतालचे नियम बदलले म्हणजे टाकून दिलेली कल्पनाही कामास येते. म्हणून अयशस्वी भाषांचे वाचनही वाया जात नाही.

कोबोलच्या बाबतीत उलटा अन्याय झाला. ग्रेस हॉपर यांच्या फ्लो-मॅटिक भाषेचा आधार घेऊन १९५९ साली अमेरिकेतील समितीने ती रचली, आणि आज्ञा साध्या इंग्रजी वाक्यांसारख्या असल्या तर कचेरीतील अधिकाऱ्यांनाही त्या वाचता येतील, अशी आशा बाळगली. ती आशा फारशी फळास आली नाही, कारण अडचण शब्दांत नसून विचारांच्या गुंतागुंतीत असते. विद्वानांनी कोबोलकडे पाहून नाक मुरडले. परंतु एका नोंदीत नाव, पत्ता, रक्कम अशी निरनिराळ्या जातींची माहिती कशी बांधावी, हे तिने फार चांगले दाखविले होते, आणि तेच पुढच्या कित्येक भाषांना पायाभूत ठरले.

श्रोतेहो, आतापर्यंतची उदाहरणे कोणाला पंडितांच्या करमणुकीची वाटतील. पण आता जे सांगावयाचे आहे, त्याचा संबंध तुमच्या-आमच्या पैशाशी आणि खासगी कागदपत्रांशी पोहोचतो. १९६० च्या दशकाच्या आरंभी टोनी होअर हे इंग्लंडमधील एलियट ब्रदर्स या कंपनीत होते आणि तेथे त्यांनी अल्गोलचा अनुवादक तयार केला. यादीचे घर मागितले की, ते घर खरोखर यादीच्या हद्दीत आहे किंवा नाही, याची तपासणी प्रत्येक वेळी यंत्राने करावी, अशी योजना त्यांनी ठेवली. तपासणीस वेळ लागतो. म्हणून काही वर्षांनी कंपनीने आपल्या ग्राहकांना विचारले, ही तपासणी बंद करण्याची सोय तुम्हांस हवी काय? ग्राहकांनी एकमुखाने नको म्हणून सांगितले. हद्द ओलांडण्याच्या चुका किती वारंवार होतात, हे ते रोज पाहत होते. १९८० साली ट्यूरिंग पारितोषिक स्वीकारताना होअर यांनी ही हकीकत सांगितली, आणि इतक्या वर्षांनंतरही भाषा करणाऱ्यांनी व वापरणाऱ्यांनी त्यापासून बोध घेतला नाही, याबद्दल खेद प्रकट केला.

बोध का घेतला गेला नाही? मधल्या काळात, १९७२ च्या सुमारास, बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी सी भाषा घडविली होती. बीसीपीएल आणि तिच्यापासून निघालेली बी या तिच्या पूर्वज भाषा. त्या भाषांत यादी म्हणजे स्मृतीतील एक पत्ता, याहून अधिक काही नव्हते, आणि यादीची लांबी तिच्याबरोबर प्रवास करीत नसे. सी-मध्येही तेच राहिले. यंत्र लहान, स्मृती तुटपुंजी आणि वापरणारे मोजके निष्णात सहकारी, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या निवडीत वावगे काही दिसत नाही. परंतु भाषा पसरली, आणि त्या खोलीतली परिस्थिती तिच्याबरोबर पसरली नाही. २ नोव्हेंबर १९८८ रोजी इंटरनेटवर एक उपद्रवी आज्ञावली सुटली आणि तिने हजारो यंत्रे जायबंदी केली. तिची एक वाट अशी होती : येणारी ओळ साठविण्यासाठी ५१२ घरे राखून ठेवलेली असत, पण ओळ त्याहून लांब आहे काय, हे वाचणारी आज्ञा पाहतच नसे. जास्तीची अक्षरे शेजारच्या स्मृतीत शिरत आणि यंत्राचा ताबा घेत. ती वाचणारी आज्ञा सी-च्या प्रमाण नियमावलीतून २०११ साली काढून टाकण्यात आली. त्यानंतरही २०१४ साली ‘हार्टब्लीड’ नावाने गाजलेला दोष उघडकीस आला. सुरक्षित संदेशांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या एका सी-आज्ञावलीत, समोरचा जेवढी अक्षरे परत मागेल तेवढी, त्याने तितकी पाठविली होती की नाही हे न पाहताच, दिली जात होती. एका मागणीत ६४ किलोबाइटपर्यंत परकी स्मृती बाहेर पडे. तीत परवलीचे शब्द असत, गुप्त किल्ल्या असत. कॅनडाच्या महसूल खात्यातून या मार्गाने सुमारे ९०० नागरिकांचे सामाजिक विमा क्रमांक चोरीस गेले. एलियट कंपनीच्या ग्राहकांनी जी तपासणी हट्टाने राखली होती, ती येथे असती तर तो वाचकच जागच्या जागी थांबला असता.

होअर यांना निव्वळ द्रष्टा ठरविण्याचेही कारण नाही. १९६५ साली अल्गोल-डब्ल्यू या भाषेची आखणी करताना, कशाचाही निर्देश न करणारा ‘शून्य निर्देश’ त्यांनी भाषेत घातला, कारण तो घालणे अगदी सोपे होते. २००९ साली एका व्याख्यानात त्यांनीच त्याची संभावना अब्ज डॉलरची चूक अशी केली. किंमत असेल किंवा नसेल, हे वस्तूच्या जातीतच नमूद करावयाचे, हा उपाय एमएल भाषेच्या घराण्याला पूर्वीच माहीत होता. स्विफ्ट आणि कोटलिन या अलीकडच्या भाषांनी तो मोठ्या समुदायापर्यंत पोहोचविला.

एकदा झालेली चूक पिढ्यान्‌पिढ्या कशी चालते, याचा सर्वांत निर्मळ पुरावा मला सी-च्या एका किरकोळ नियमात दिसतो. त्या भाषेत दोन संख्यांचे अंक एकमेकांशी जुळविणारे ‘अँड’चे एकेरी चिन्ह आहे. गणिती क्रमाने पाहता त्याची क्रिया तुलनेच्या आधी व्हावी. प्रत्यक्षात तुलना आधी होते आणि कंस विसरणारा फसतो. पूर्वीच्या बी भाषेत हेच चिन्ह ‘ही अट आणि ती अटही’ असे म्हणण्यासाठीही वापरीत, आणि त्या कामासाठी तुलना आधी होणेच सोयीचे होते. पुढे अटी जोडण्यासाठी दुहेरी चिन्ह वेगळे काढले, तेव्हा एकेरी चिन्हाचा क्रम बदलावयास हवा होता. पण तोपर्यंत काही शेकडा किलोबाइट लिखाण झालेले होते, तीन ठिकाणी भाषा वापरात होती, आणि त्यांना त्रास नको म्हणून क्रम तसाच ठेवला, असे रिची यांनी पुढे लिहिले. तीन ठिकाणे! सी++, जावा, सी-शार्प आणि जावास्क्रिप्ट यांनी तोच क्रम उचलला. त्यांना बी भाषेशी काही कर्तव्य नव्हते. सी जाणणाऱ्यांना परके वाटू नये, एवढाच हेतू. पायथन, गो आणि रस्ट यांनी मात्र तो सुधारून घेतला.

पीएल-वन या भाषेचा उल्लेख धावताच पुरे. १९६४ साली आयबीएमने फोरट्रान, कोबोल आणि अल्गोल यांतील चांगले तेवढे एकत्र करण्याचा घाट घातला. प्रत्येक नियमाला कारण होते. पण २५ मध्ये एक-तृतीयांश मिळविले असता उत्तर ५.३३ असे येऊ शके. अपूर्णांकाला शक्य तितकी दशांशस्थळे द्यावयाची, या नियमाने सगळी जागा दशांशांनी व्यापली आणि २५ मधला दशकस्थानचा २ बाहेर ढकलला गेला. इतिहासातून सगळेच घ्यावयाचे म्हटले म्हणजे असे होते. होअर यांनी १९७३ साली दिलेला सल्ला याच्या अगदी उलट आहे. भाषा करणाऱ्याने आपल्या नव्या कल्पना तीत कोंबू नयेत. इतरांनी पारखलेल्यांतून थोड्या निवडाव्यात आणि त्या नीट सांधाव्यात, असे त्यांचे म्हणणे. आता कोणाला वाटेल की, सगळ्यांनीच हा सल्ला पाळला तर नव्या कल्पना यावयाच्या कोठून? त्या प्रयोगासाठी केलेल्या लहान भाषांतून येतात. ओस्लोमध्ये डाल आणि न्यूगार्ड यांनी नक्कल-प्रयोगांसाठी रचलेल्या सिम्युलातून ‘वर्ग’ ही कल्पना अशीच निघाली, आणि तिचा उपयोग ब्यार्ने स्त्रोस्त्रुप यांनी १९७९ पासून सी-ला जोडण्यासाठी केला.

हा इतिहास वाचावयाचा कोठे? जीन सॅमेट यांनी १९६९ साली शंभराहून अधिक भाषांचा एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि १९७८ साली लॉस एंजेलिस येथे संगणकभाषांच्या इतिहासाची पहिली परिषद त्यांच्याच पुढाकाराने भरली. बॅकस, नाउर, मॅकार्थी, न्यूगार्ड यांनी तेथे आपापल्या भाषांची जन्मकथा सांगितली. पुढे १९९३ आणि २००७ साली अशा परिषदा भरल्या. चौथीचे निबंध २०२० साली प्रसिद्ध झाले. हे निबंध वाचताना भाषेचे गुणगान सोडून द्यावे आणि यंत्र कोणते होते, वापरणारे कोण होते, कोणता पर्याय टाकला, एवढे शोधावे. जन्मदात्यांच्या आठवणी वीस-वीस वर्षांनंतरच्या असतात, म्हणून शेजारी त्या काळची मूळ पुस्तिका आणि विरोधकांची टीकाही ठेवावी. पास्कल भाषेत यादीची लांबी तिच्या जातीतच बांधली होती, त्यामुळे दहा घरांची यादी हाताळणारी उपआज्ञावली वीस घरांना चालत नसे. याचा काच किती होता, हे ब्रायन कर्निहन यांच्या १९८१ च्या टीकेत जितके स्पष्ट दिसते तितके स्तुतिलेखांत दिसत नाही.

या दप्तरातही काही पाने फार उशिरा लागली. जर्मनीत कॉनराड त्सुझे यांनी महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ साली, ‘प्लानकाल्क्युल’ नावाची भाषा कागदावर पूर्ण केली होती. तीत याद्या होत्या, निरनिराळ्या माहितीच्या संयुक्त नोंदी होत्या, बुद्धिबळाच्या चालींची उदाहरणे होती. फोरट्रान आणि अल्गोल त्यानंतर जन्मल्या. त्यांच्या घडणीवर तिचा फारसा ठसा उमटला नाही. तिचा संपूर्ण मजकूर छापून प्रसिद्ध झाला तो १९७२ साली, सी भाषा आकार घेत होती त्याच वर्षी. आणि बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीतील मंडळींनी २००० साली तिचा अनुवादक तयार केला, तेव्हा त्सुझे यांना निवर्तून पाच वर्षे झाली होती.